उन्हाळी, मूत्रमार्गसंसर्ग आणि प्रतिजैविकांचे औचित्य : वैनगंगेच्या खोऱ्यातील अनुभवाचे ऐतिहासिक अवलोकन

१. प्रास्ताविक

औषधांचा इतिहास हा बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या शास्त्रज्ञाने कोणता पदार्थ कोणत्या साली सिद्ध केला, ह्याची नोंद झाली की इतिहासकाराचे कर्तव्य संपले, असा समज आढळतो. परंतु प्रयोगशाळेतून बाहेर पडल्यावर ते औषध कोणाच्या हाती गेले, कोणत्या नियमाने दिले गेले आणि ज्याला त्याची खरी गरज होती त्याच्यापर्यंत ते पोहोचले की नाही, हे प्रश्नही तितकेच ऐतिहासिक आहेत. प्रतिजैविकांच्या बाबतीत तर ते अधिक महत्त्वाचे ठरतात. कारण वापराच्या पद्धतीवर स्वतःचे सामर्थ्यच अवलंबून असावे, असा ह्या औषधांचा विशेष स्वभाव आहे.

प्रस्तुत लेखात मूत्रमार्गसंसर्ग ह्या अत्यंत सामान्य व्याधीच्या निमित्ताने ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विचारासाठी क्षेत्र घेतले आहे ते वैनगंगेच्या दोन्ही काठांचे. पश्चिमेस पोंभुर्णा व त्याच्या आसपासची भातशेतीची आणि जंगलाची गावे, पूर्वेस चामोर्शी व गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हे दोन्ही काठ एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होते, आणि बोली, पीक व आजार ह्या बाबतींत झाडीपट्टीचा हा प्रदेश आजही बव्हंशी एकच आहे. विशेष हे की, प्रतिजैविके कोणी, कोणाला व कोणत्या नियमाने द्यावीत ह्या प्रश्नावरील काही जगन्मान्य संशोधन ह्याच प्रदेशात झाले.

प्रतिजैविकांच्या औचित्याला दोन बाजू आहेत. ज्याला औषध हवे त्याला ते वेळेवर मिळणे ही पहिली, आणि ज्याला नको त्याला ते न दिले जाणे ही दुसरी. अलीकडील चर्चेत दुसऱ्या बाजूवरच भर असतो. वैनगंगेकाठचा इतिहास असे दाखवितो की, ह्या दोन्ही बाजू मुळात एकाच गोष्टीवर उभ्या आहेत, ती म्हणजे निदान.

२. एक शब्द, अनेक व्याधी

लघवीला जळजळ होऊ लागली की मराठी घरांत ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात. ह्या शब्दात कारणमीमांसाही सामावलेली आहे: ऊन लागले, शरीरात उष्णता वाढली, म्हणून मूत्र दाह करते. उपचारही तदनुसार ठरलेले आहेत. धने-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, सब्जा, गोखरूचा काढा, ओटीपोटावर पळसाच्या फुलांचा शेक हे सारे उपाय शीत व मूत्रल मानले गेलेले आहेत. ग्रंथोक्त आयुर्वेदात ह्याच लक्षणसमूहाचा विचार ‘मूत्रकृच्छ्र’ ह्या नावाने झाला. चरकसंहितेत त्याचे आठ प्रकार सांगितले असून, पित्तज प्रकारात मूत्र पिवळे वा रक्तयुक्त, दाहयुक्त आणि वारंवार होते, असे वर्णन आहे. कुश, काश, दर्भ इत्यादींच्या तृणपंचमूळाची योजना ह्याच व्याधीसाठी प्रसिद्ध आहे.

लोकवैद्यकातील ही कल्पना अज्ञानमूलक म्हणून सोडून देण्याजोगी नाही. मे महिन्यात ह्या भागातील तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. त्याच दिवसांत तेंदूपत्त्याच्या तोडणीसाठी स्त्रीपुरुष पहाटेपासून जंगलात असतात. बरोबर नेलेले पाणी संपते, आणि आडोशाअभावी स्त्रिया पाणी पिणेच टाळतात. अशा वेळी मूत्र घट्ट होऊन जळजळ होणे स्वाभाविक आहे. तेथे कोणताही जंतू नसतो व प्रतिजैविकाचे काहीही काम नसते. पाणी आणि सावली हाच खरा उपचार होय.

परंतु त्याच ‘उन्हाळी’ ह्या शब्दाखाली आणखी निदान तीन अवस्था लपलेल्या असतात. मूत्राशयाचा जंतुसंसर्ग ही पहिली. तीत जळजळीसोबत वारंवार व घाईने लघवीस होते, ओटीपोटात दुखते, क्वचित रक्त दिसते. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढणे ही दुसरी, आणि ती धोक्याची. तीत थंडी वाजून ताप येतो, कुशीत दुखते, उलट्या होतात. तिसरी अवस्था मूत्रमार्गाची नसतेच. योनिमार्गाच्या दाहामुळेही मूत्रविसर्जनाच्या वेळी आग होते आणि स्त्री ती ‘लघवीची जळजळ’ म्हणूनच सांगते. घट्ट मूत्र, मूत्राशयाचा संसर्ग, मूत्रपिंडाचा संसर्ग व योनिदाह ह्या चार अवस्थांचे उपचार चार प्रकारचे आहेत. शब्द मात्र एकच आहे. तापाने फणफणलेल्या गर्भवतीला केवळ धन्याचे पाणी देणारे कुटुंब जशी चूक करते, तशीच प्रत्येक उन्हाळीवर प्रतिजैविकाची पाकिटे देणारा व्यावसायिकही करतो. दोघांनीही शब्दालाच रोग मानलेले असते.

३. जंतू, परिमाण आणि औषध

मूत्रमार्गसंसर्गाच्या आधुनिक आकलनाचा आरंभ १८८५ पासून धरता येईल. त्या वर्षी थिओडोर एशेरिख ह्याने बालकांच्या आतड्यांत आढळणाऱ्या एका जंतूचे वर्णन केले. पुढे त्याच्याच नावाने ‘ई. कोलाय’ म्हणून प्रसिद्ध झालेला हा जंतू मूत्रमार्गाच्या सामान्य संसर्गाचे प्रमुख कारण आहे. तो बाहेरून येत नाही. मनुष्याच्या स्वतःच्या आतड्यातूनच मूत्रमार्गात शिरतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटर एवढाच असल्याने हा आजार स्त्रियांत पुष्कळच अधिक, आणि सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो होतो.

उपचारांचा क्रम पाहिला तर तो प्रारंभी मंद व नंतर अतिवेगवान दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेक्झामिन वापरात आले. १९३५ मध्ये गेर्हार्ट डोमाक ह्याने प्रॉन्टोसिलचे कार्य प्रसिद्ध केले आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले. १९५३ मध्ये नायट्रोफ्युरँटॉइन व १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक आम्ल आले. आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. देशी कारखान्यातील हे औषध स्वस्त होऊन सामान्य रुग्णापर्यंत जाईल, ही त्यामागील आकांक्षा होती.

ह्याच काळात झालेली एक गोष्ट औषधांच्या शोधाइतकीच मोलाची असून तिच्याकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. १९५६ मध्ये बोस्टन येथील एडवर्ड कॅस ह्याने मूत्रातील जंतूंच्या संख्येला निदानाचे परिमाण दिले. नमुना घेताना त्वचेवरचे जंतू मूत्रात मिसळतातच. मग खरा संसर्ग कोणता व नुसती भेसळ कोणती? दर मिलिलिटरमध्ये १,००,००० किंवा अधिक जंतू असल्यास तो खरा संसर्ग, असा निकष त्याने मांडला. १९८२ मध्ये वॉल्टर स्टॅम व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, लक्षणे असलेल्या स्त्रियांत ह्याहून पुष्कळ कमी संख्याही अर्थपूर्ण असू शकते. म्हणजे नुसता आकडा पुरेसा नाही. रुग्णाची लक्षणे व आकडा ही दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत.

कॅसच्या कार्यातून आणखी एक प्रश्न उद्भवला. काहीही त्रास नसताना मूत्रात जंतू सापडले तर काय करावे? गर्भवतीच्या बाबतीत उत्तर स्पष्ट झाले: उपचार न केल्यास मूत्रपिंडाच्या संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून उपचार करावा. इतरांच्या बाबतीत मात्र अनेक वर्षे अकारण औषधे दिली गेली. २००२ मध्ये कॅनडातील मधुमेही स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली, तीत लक्षणे नसताना दिलेल्या प्रतिजैविकांनी पुढील गुंतागुंत टळत नाही, असे आढळले. जंतू सापडणे म्हणजे रोग असणे नव्हे, हे तत्त्व अशा रीतीने प्रस्थापित झाले.

४. वसा व अमिर्झा

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनी गडचिरोली येथे ‘सर्च’ ही संस्था १९८६ मध्ये सुरू केली. त्यांच्या आरंभीच्या अभ्यासांपैकी एक वसा व अमिर्झा ह्या दोन गावांतील स्त्रियांच्या आरोग्याचा होता. त्याचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले. दर स्त्रीमागे अशा रोगांची सरासरी ३.६ होती, आणि एकूण रुग्णतेत निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गांचा होता. पूर्वी कधी तरी स्त्रीरोगविषयक तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या.

हा अभ्यास जननमार्गाचा असला, तरी मूत्रमार्गसंसर्गाच्या इतिहासकाराला तो टाळता येत नाही. जळजळीची तक्रार दोन्ही मार्गांच्या आजारांत सारखीच असते, हे वर सांगितलेच आहे. ज्या समाजात बहुसंख्य स्त्रियांची तपासणी कधीच झालेली नाही, तेथे ‘लघवीची आग’ ह्या तक्रारीवरून दिलेले प्रतिजैविक हे बव्हंशी अंदाजानेच दिलेले असणार. शिवाय तपासलेल्या स्त्रियांपैकी ४५ टक्के स्त्रियांनी कोणतीही तक्रार सांगितली नव्हती. वेदना अंगवळणी पडली की ती तक्रार राहत नाही. आणि जी सांगावयाची ती कोणाला सांगावयाची, पुरुष डॉक्टरला की दुकानदाराला, हाही प्रश्न असतोच.

१९८० च्या दशकापर्यंत लोकसंख्यानियंत्रणाच्या दृष्टीने स्त्रीच्या प्रजननाची मोजदाद सरकारदरबारी होत असे. तिच्या संसर्गांची मोजदाद होत नसे. वसा-अमिर्झाच्या अभ्यासाने ही उणीव आकड्यांनिशी पुढे मांडली आणि स्त्रीरोगांची काळजी प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग व्हावी, असा आग्रह धरला. प्रतिजैविकांच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, येथे औचित्याचा भंग अतिवापराने होण्यापूर्वी अभावानेच झाला होता.

५. श्वास मोजण्याचा नियम

आता ह्याच प्रदेशातील दुसऱ्या प्रयोगाकडे वळू. तो मूत्रमार्गाचा नसून बालकांच्या न्यूमोनियाचा आहे. परंतु त्यात वापरलेले औषध मूत्रमार्गसंसर्गाच्या इतिहासातूनच आलेले होते. ट्रायमेथोप्रिम हे द्रव्य जॉर्ज हिचिंग्ज ह्यांच्या शोधपरंपरेतील. सल्फामेथॉक्साझोलशी त्याचा एकास पाच ह्या प्रमाणात संयोग करून १९६८-६९ च्या सुमारास को-ट्रायमोक्साझोल बाजारात आले. जंतूच्या वाढीस लागणाऱ्या फोलेटच्या निर्मितीतील दोन निरनिराळ्या पायऱ्या ही दोन द्रव्ये अडवितात. स्वस्त, तोंडाने घेता येण्याजोगे व मूत्रात भरपूर उतरणारे हे औषध लवकरच मूत्रमार्गसंसर्गाचे नित्याचे औषध बनले.

१९८८-८९ मध्ये गडचिरोलीतील ५८ गावांत ह्याच औषधाचा वापर बालकांच्या न्यूमोनियावर करण्यात आला. तुलनेसाठी ४४ गावे घेतली होती. औषध देणारे डॉक्टर नव्हते; निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि सुइणी ते देत. सुइणींपैकी अनेकींना अंक मोजता येत नसत. त्यांच्यासाठी मण्यांच्या ओळी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असे साधे उपकरण तयार करण्यात आले. वाळू संपण्यापूर्वी श्वासागणिक सरकविलेले मणी ठरलेल्या खुणेपलीकडे गेले तर न्यूमोनिया, अन्यथा साधा खोकला. साध्या खोकल्याला प्रतिजैविक द्यावयाचे नाही. उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. पाच वर्षांखालील बालकांचा एकूण मृत्युदर प्रयोगाच्या गावांत हजारी २८.५, तर इतरत्र ४०.७ होता.

ह्या प्रयोगाचे महत्त्व सामान्यतः बालमृत्यूच्या संदर्भात सांगितले जाते. प्रतिजैविकांच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान वेगळे आहे. अल्पशिक्षितांच्या हाती प्रतिजैविक दिले तर त्याचा दुरुपयोग होईल, ही तत्कालीन भीती होती. दुरुपयोग टाळण्याचे साधन पदवी हे नसून तपासता येण्याजोगा नियम हे आहे, असे येथे दिसून आले. मणी मोजणारी सुईण कोणत्या खोकल्याला औषध द्यावयाचे नाही हे जाणत होती. नियमावाचून औषध विकणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढे १९९५ ते १९९८ ह्या काळात ३९ गावांत नवजात बालकांच्या जंतुदोषावर गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी लक्षणांच्या ठरीव यादीनुसार को-ट्रायमोक्साझोल व जेंटामायसिन दिले. जंतुदोषातील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तत्त्व पुन्हा तेच होते.

६. प्रतिकाराचा उदय

जंतूंचा प्रतिकार हा औषधाच्या मागोमाग येतो, हे सल्फा औषधांच्या काळीच कळले होते. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी त्यातील अधिक गंभीर प्रकार उघडकीस आणला: प्रतिकाराचा गुण एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जाऊ शकतो. ट्रायमेथोप्रिमच्या बाबतीत अशा हस्तांतरणीय प्रतिकाराची नोंद लंडनमध्ये नेओमी डट्टा व सहकाऱ्यांनी १९७२ मध्येच केली. औषध येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

मूत्रमार्गसंसर्गाचा जंतू हा आतड्याचा रहिवासी असल्यामुळे येथे एक विशेष अडचण उद्भवते. सर्दीखोकल्यासाठी वा जुलाबासाठी अकारण घेतलेले प्रतिजैविक आतड्यातील ई. कोलायवरही परिणाम करते. त्या वेळी प्रतिकारक्षम जंतू टिकून राहतात आणि काही महिन्यांनी तेच मूत्राशयात पोहोचतात. त्यामुळे एका आजारातील चूक दुसऱ्या आजारात फेडावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०१३ मध्ये सुरू झालेल्या निरीक्षणजाळ्याच्या अहवालांत ई. कोलायचा फ्ल्युरोक्विनोलोन औषधांना मोठ्या प्रमाणावर प्रतिकार दिसतो. नायट्रोफ्युरँटॉइन व फॉस्फोमायसिन ही जुनी औषधे मात्र मूत्राशयाच्या संसर्गात अद्याप बव्हंशी उपयुक्त आहेत. हे अहवाल वाचताना एक पथ्य पाळले पाहिजे. त्यांतील नमुने मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतील असतात, जेथे आधीच अनेक औषधे घेऊन झालेले रुग्ण पोहोचतात. त्यांवरून जंगलातील गावच्या स्त्रीच्या पहिल्या संसर्गाचे अनुमान सरळ काढणे शास्त्रीय नव्हे.

२००८ मध्ये स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या मूत्रातून कार्बापेनेम ह्या राखीव औषधांनाही न जुमानणारा क्लेब्सिएला जंतू वेगळा करण्यात आला. रुग्ण त्यापूर्वी नवी दिल्लीत रुग्णालयात होता. त्या जंतूतील विकराला नवी दिल्लीचे नाव मिळाले आणि आपल्याकडे नामकरणावर मोठा वाद झाला. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी तोच विकर तेथील नमुन्यांत आढळल्याचे प्रसिद्ध केले. जागतिक चिंतेचा विषय झालेला हा गुणधर्म प्रथम एका मूत्रनमुन्यात आढळला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाचे महत्त्व स्पष्ट करण्यास पुरेशी आहे.

शासनाने १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही अनुसूची अमलात आणली. तिच्यातील औषधे चिठ्ठीवाचून न विकणे व विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे दुकानदारास बंधनकारक झाले. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृतियोजनाही आली. परंतु नियमाने विक्री रोखता येते. निदान निर्माण करता येत नाही. जेथे चिठ्ठी देणाराच जवळ नाही, तेथे केवळ विक्रीबंदी ही औचित्याची एकच बाजू सांभाळते.

७. आजच्या औचित्याचे स्वरूप

पोंभुर्ण्यासारख्या ठिकाणी जळजळीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीच्या बाबतीत ह्या इतिहासाचा अर्थ कोणता? प्रथम प्रश्न विचारावयाचे: उन्हात काम होते काय, पाणी किती प्यायले, ताप वा कुशीत दुखणे आहे काय, पांढरे पाणी वा खाज आहे काय, गर्भ आहे काय. पांढरे पाणी व खाज नसून जळजळ, वारंवारता व घाई ही लक्षणे एकत्र असतील, तर मूत्राशयाच्या संसर्गाची शक्यता पुष्कळ वाढते. नायट्राइट व पांढऱ्या पेशी दाखविणारी पट्टीपरीक्षा उपकेंद्रातही करता येते. संवर्धनाची गरज प्रत्येकीला नसते. गर्भवती, पुरुष, तापाचे रुग्ण व वारंवार संसर्ग होणारे ह्यांच्या बाबतीत मात्र ते औषधापूर्वी करावे. नमुना सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक काळ राहिला तर जंतू वाढून आकडा फसवा ठरतो. चंद्रपूरच्या वाटेवर उन्हात प्रवास करणाऱ्या बाटलीला म्हणूनच बर्फाची जोड हवी.

गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या साध्या मूत्राशय-संसर्गास नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस पुरते. मूत्रपिंडाच्या संसर्गात मात्र ते निरुपयोगी; कारण ते मूत्रात साठते, ऊतींत पुरेसे पोहोचत नाही. ताप व कुशीतील दुखणे असलेल्या रुग्णाला गोळ्या देऊन घरी न पाठविता रुग्णालयात पाठविणे हेच तेथे योग्य.

ह्या प्रदेशाची आणखी एक विशेषता लक्षात घ्यावी लागते. १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी ह्यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. हा आनुवंशिक विकार चंद्रपूर-गडचिरोली भागात आजही मोठा आरोग्यप्रश्न आहे. त्यात मूत्रपिंडाला इजा पोहोचते व मूत्रमार्गसंसर्ग अधिक संभवतो. म्हणून सिकलसेल असलेल्या गर्भवतीची मूत्रतपासणी विशेष काळजीने व्हावयास हवी. तसेच जी-६-पीडी ह्या विकराची उणीव असलेल्यांत नायट्रोफ्युरँटॉइन व सल्फा ह्या दोहोंनीही रक्तपेशींचा नाश होऊ शकतो. दिल्ली वा बोस्टन येथे तयार झालेले मार्गदर्शन येथे लावताना ह्या स्थानिक रक्तविकारांची चौकशी आधी झाली पाहिजे.

८. समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, प्रतिजैविकांचा अभाव आणि अतिरेक ह्या परस्परविरोधी अवस्था नाहीत. निदानाच्या अभावाची ती दोन फळे आहेत. वसा-अमिर्झाच्या स्त्रिया तपासणीवाचून राहिल्या, म्हणून उपचारावाचून राहिल्या. आज दुकानातून गोळ्या मिळवून जी स्त्री तात्पुरती बरी होते, तीही तपासणीवाचूनच राहिलेली असते. फरक इतकाच की तिच्या आतड्यात आता अधिक चिवट जंतू वस्ती करून असतात. उलटपक्षी, मणी सरकविणाऱ्या सुइणीच्या हाती तेच औषध जीवरक्षक ठरले, कारण तिच्यापाशी एक नियम होता आणि तो पाळावयास तिला शिकविले गेले होते.

न्यूमोनियासाठी श्वास मोजण्याचा जो नियम झाला, त्या तोडीचा, गावपातळीवर वापरता येण्याजोगा व स्थानिक परीक्षणातून सिद्ध झालेला नियम मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी घडविणे, हे कार्य ह्या प्रदेशातील वैद्यकशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या आणि भाषाशास्त्राच्याही अभ्यासकांपुढे आहे. भाषाशास्त्राच्या उल्लेखाचे कारण उघड आहे. ‘उन्हाळी’ ह्या शब्दाखाली स्त्री नेमके काय सांगते, हे तिच्या बोलीत समजून घेतल्यावाचून असा नियम घडविता येणार नाही.